टोकदार अक्षरांतलं नाव

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते आधीच इतक्या ठिकाणी चुकीचं लिहिलं गेलंय, की आता तरी त्याला कुणी हात लावू नये. एवढंच सांगते, की इंग्रजीत लिहिताना त्या नावात एम, यू आणि एन ही तीन अक्षरं एकमेकांना खेटून येतात, आणि आडनाव यूने सुरू होतं. एवढ्यावरून एका मुलीची नोकरी गेली. आणि ज्या प्रमाणपत्रावर ते नाव होतं, ते मीच टाइप केलं होतं.

शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, झेरॉक्स मशीन आणि लॅमिनेशनचं यंत्र. सापगावहून रोज पूल ओलांडून येते आणि शटर वर करते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, सरपंचाच्या वाढदिवसाचे बॅनर, सगळं माझ्या हातून जातं. बायमाणूस मशीन चालवते म्हणून पहिल्या वर्षी लोक दारातून वाकून बघायचे. आता कुणी बघत नाही.

फॉन्टच्या यादीत एक अक्षर आहे. आमच्या धंद्यात त्याला सगळे ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात. ब्लॅकलेटर हे त्याचं खरं घराण्याचं नाव मला फार उशिरा कळलं. ज्यांना नाव माहीत नाही ते येऊन म्हणतात, “ते टोकदारवालं द्या, राजवाड्यासारखं.” काळंभोर, दाट, प्रत्येक रेघ मध्येच मोडलेली, पायाशी हिऱ्यासारखे छोटे चौकोन. मोठी अक्षरं तर नुसती नक्षी. पोटात बारीक आडव्या-उभ्या रेघा आणि कडेला शेपट्या.

मला ते अक्षर आवडायचं, हे कबूल करते. शाळेत आमच्या बाई बोरू तिरका कापून द्यायच्या आणि त्याने अक्षर गिरवून घ्यायच्या. एका बाजूने रेघ जाड, दुसऱ्या बाजूने केसासारखी बारीक. पहिल्यांदा स्क्रीनवर ते टोकदार अक्षर मोठं करून बघितलं तेव्हा मला लगेच कळलं, की हे लिहिणाऱ्याच्या हातातही तिरका कापलेला बोरू होता. कुठल्या देशातला, कोण जाणे. पण हात ओळखीचा वाटला. तेव्हापासून जिथे जमेल तिथे मी ते वापरायला लागले. लग्नपत्रिकेवर दोन नावांच्या मधला ‘वेड्स’, गावच्या क्रिकेट सामन्यांच्या ढालीवरचा ‘चॅम्पियन’, जिमच्या बनियनवरची दोन अक्षरं. मुरबाडमध्ये एक टॅटूवाला आहे, तो माझ्याकडून ‘मॉम डॅड’ची प्रिंट काढून न्यायचा आणि ती पोरांच्या दंडावर उतरवायचा. मोटारसायकलच्या मडगार्डवर तर निम्म्या तालुक्यात तेच अक्षर फिरतंय.

या सगळ्यात कुणाचं काही बिघडत नाही. ‘वेड्स’ कुणी वाचत नाही, ओळखतं. आईबापाचं नाव दंडावर कोरणाऱ्याला ते वाचून दाखवावं लागत नाही. शोभेचं अक्षर शोभेच्या जागी होतं, तोवर ठीक होतं.

मग सर आले.

सरांची एक खाजगी संस्था होती, मुरबाडमध्ये मोठी शाखा आणि शहापुरात छोटी. रुग्णसेवा सहायकाचा एक वर्षाचा कोर्स चालवायचे. येणाऱ्या बहुतेक मुली आतल्या गावांतल्या, डोंगराकडच्या पाड्यांवरच्या. बारावी होऊन घरी बसलेल्या, भातलावणीच्या आणि झोडणीच्या दिवसांत कामाला जाणाऱ्या. सर नेहमी इस्त्रीच्या सफारीत. त्यांनी मोबाइलवर एका विलायती पदवीचा फोटो दाखवला.

“मॅडम, आपल्याला असलं पायजे. बघितल्यावर माणूस उठून उभा राहिला पायजे.”

मी संस्थेचं नाव वर त्या टोकदार अक्षरात घेतलं. सोनेरी किनार दिली. त्यांना पसंत पडलं. मुलींची नावं मात्र मी साध्या, सरळ अक्षरात टाकली होती. त्यांनी कागद हातात धरला आणि तोंड वाकडं केलं.

“हे काय? रेशनकार्ड वाटतंय. नावंपण त्याच अक्षरात घ्या.”

“सर, त्यात नाव वाचता येत नाय.”

“वाचायला कोण बसलंय? भिंतीला लावायचं असतं ते.”

मी एक नाव त्या अक्षरात टाकून दाखवलं. तेच, जे मी इथे लिहीत नाहीये. एम, यू, एन. आमच्याकडे कुडाची भिंत करताना कारव्या जशा एकाला एक लावून उभ्या करतात, तशा सात काळ्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. कुठे एम संपतो आणि कुठे यू सुरू होतो, काही पत्ता नाही. कुणी ‘मुन’ वाचावं, कुणी ‘मिनि’, कुणी ‘नुम’. आणि आडनावाचं पहिलं अक्षर यू. त्या अक्षरात यू आणि ए म्हणजे जुळे भाऊ. आईच ओळखेल.

“बघा,” मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. “मस्त दिसतंय,” म्हणाले. “मॅडम, तुमचं काम टाइप करायचं.”

आणि मी केलं. या सगळ्या गोष्टीत मला सर्वात जास्त राग कशाचा येत असेल तर त्या संध्याकाळचा. मला दिसत होतं. मी एकदा बोलले आणि गप्प बसले. गिऱ्हाईक मोठं होतं, वर्षाचं काम होतं, आणि सफारी घातलेल्या माणसाला दोनदा ‘नाय’ म्हणायची सवय मला नव्हती. सगळ्या मुलींची नावं निवडली, फॉन्ट बदलला, प्रिंट दिली. एका क्लिकमध्ये चाळीसएक मुलींची नावं पुसली गेली आणि प्रिंटर छान गुणगुणत होता.

प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम मुरबाडला एका हॉलमध्ये होता. शेवटची काही प्रमाणपत्रं उशिरा छापून झाली, ती घेऊन मी स्वतः गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. पाहुणे कुणीतरी पुढारी होते. सर एकेक प्रमाणपत्र त्यांच्या हातात देत होते आणि पाहुणे माइकवर नाव वाचत होते. पहिल्या दोन नावांना ते अडखळले. तिसऱ्याला हसले. “इंग्रजी फार हाय-फाय आहे बाबा तुमचं.” हॉल हसला. मग त्यांनी एक नाव वाचलं, चांगलं शहरी नाव, मालिकेतल्या नायिकेचं असावं तसं. कुणी उठलं नाही. पुन्हा वाचलं. कुणी नाही.

“गैरहजर,” सर म्हणाले आणि कागद टेबलाच्या कडेला सरकवला.

कार्यक्रम संपला, लोक वड्याच्या प्लेटकडे वळले, तेव्हा एक मुलगी आणि तिची आई स्टेजच्या पायरीशी उभ्या होत्या. मुलीने नवा पंजाबी ड्रेस घातला होता. आई नऊवारीत, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली. दोघी शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यावरून दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

“सर, माझं नाव नाय घेतलं,” मुलगी म्हणाली.

सरांनी यादी बघितली, मग टेबलावरचा तो कागद बघितला आणि मोठ्याने हसले. “अगो, तुझंच तर पुकारलं! दोनदा! स्वतःचं नाव कळत नाय आणि पेशंट सांभाळणार!”

आजूबाजूचे चारपाच जण हसले. मुलगी पण हसली, कारण सगळे हसत होते. तिने कागद घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि मला स्पष्ट दिसलं की तिला तो वाचता येत नव्हता. बारावी पास मुलगी. इंग्रजी येत होतं तिला. मी वड्याची प्लेट ठेवली आणि बाहेर येऊन स्टँडवर उभी राहिले. तेव्हाही काही बोलले नाही.

दोन महिन्यांनी त्या दोघी माझ्या दुकानात आल्या. सकाळची किन्हवलीकडून येणारी गाडी नुकतीच आली होती. मुलीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात प्रमाणपत्र, आधार कार्ड, शाळेचा दाखला. तिने सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. मग पाणी प्यायली आणि सगळं एका दमात सांगितलं.

कल्याणकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात तिची निवड झाली होती. मुलाखत चांगली झाली होती. सिस्टरांनी तिला ड्रेसिंग करून दाखवायला लावलं होतं आणि “हात हलका आहे” म्हणाल्या होत्या. मग कागद तपासायला ऑफिसात पाठवलं. तिथल्या माणसाने प्रमाणपत्र बघून नाव कॉम्प्युटरवर टाकलं. आडनाव यूऐवजी एने सुरू होणारं, एवढं मला माहीत आहे. नाव तेच, हॉलमध्ये पाहुण्यांनी वाचलेलं, मालिकेतलं. मग आधार कार्ड मागितलं. दोन्ही जुळेनात.

“मला म्हनला, हे कोनाचं आनलंस?” मुलगी म्हणाली. “मी म्हटलं, माझंच हाय. तर म्हनला, तुमी लोक असंच करता, एक शिकते आनि चौघी तिच्या कागदावर फिरता. दुसऱ्या पोरी होत्या तिथं बसलेल्या. सगळ्यांसमोर म्हनला.”

‘तुमी लोक’. हे शब्द सांगताना तिचा आवाज चढला नाही. माझा चढला. मी काय म्हटलं ते आठवत नाही. झेरॉक्सला आलेला एक माणूस बाहेर जाऊन उभा राहिला एवढं आठवतं.

“मग संस्थेत गेली होतीस?”

“गेले ना. सर म्हनले, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र कर, मग पेपरात दे, मग गॅझेट कर.”

“पण नाव बदललंय कुठे तू?”

“तेच तर.”

तिची आई एवढा वेळ बाकड्याच्या टोकावर बसली होती. ती उठली, काउंटरवर पसरलेल्या प्रमाणपत्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाय, वाचता मला येत नाय. पन नाव तर आमीच ठेवलंय ना? ते तरी नीट लिवा.”

आणि मी त्या बाईला सांगितलं, की मावशी, हे मीच लिहिलंय. हॉलमध्ये गप्प बसले होते, आता बसवेना. तिने माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मग तूच नीट कर.”

मी शटर ओढलं. संस्थेची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतली आणि तिघी मुरबाडच्या गाडीत बसलो. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात सरांशी भांडत होते आणि प्रत्येक वेळी जिंकत होते.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. सर पहिल्या वाक्याला म्हणाले, “टाइप तर तुमीच केलंत. चूक तुमची.”

मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडली. तिचं नाव निवडलं, फॉन्ट बदलून साधा केला. त्या सात काठ्या वेगळ्या झाल्या, एम, यू, एन, आणि ए वाटणारा तो यू पुन्हा यू झाला. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

“बघा. स्पेलिंग बरोबर होतं. तुमच्या अक्षरात ते दिसत नव्हतं.”

सर खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे बरोबर आहे. मग मी बदलून कशाला देऊ? चूक त्या हॉस्पिटलवाल्यांची. त्यांना वाचता येत नाय, त्याला मी काय करू?”

एका मिनिटापूर्वी चूक माझी होती. आता चूक कुणाचीच नव्हती. आणि जिचं नुकसान झालं ती मुलगी दारात उभी होती, कारण तिला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

प्रवेशाचे दिवस होते. बाहेरच्या खोलीत नव्या मुली आपापल्या आईबापांबरोबर बसल्या होत्या. त्यांच्या समोरच्या भिंतीवर नमुना म्हणून एक प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलं होतं, आदल्या तुकडीतल्या पहिल्या आलेल्या मुलीचं. मी ती चौकट खिळ्यावरून काढली.

“मॅडम, काय करताय?” सर केबिनमधून बाहेर आले.

मी चौकट एका मुलीसमोर धरली. प्रवेश घ्यायला आलेली, कॉलेजातली पोर. “हे नाव वाच गो.”

तिने डोळे बारीक केले. “एस... नाय, जी हाय का?” तिने आईकडे बघितलं. “मला नाय वाचता येत.”

तिच्या शेजारचे एक काका पुढे आले, ते म्हणे कुठेतरी ऑफिसात कामाला होते. त्यांनी चष्मा लावला, एक नाव वाचलं. चुकीचं. मग दुसरं वाचलं. तेही चुकीचं.

“सर, आता तुमी वाचा,” मी म्हटलं.

“हा काय पोरखेळ आहे?”

“तुमच्या संस्थेत पहिली आलेली मुलगी आहे. तुमच्या सहीखाली आहे. वाचा.”

खोलीतले सगळे सरांकडे बघत होते. त्यांनी चौकट हातात घेतली, घसा साफ केला आणि नाव वाचलं. आडनाव बरोबर आलं, ते त्यांना पाठ असणार. पहिलं नाव चुकलं. ते नाव मीच टाइप केलं होतं, ते काय आहे हे मला माहीत होतं. मी मोठ्याने खरं नाव सांगितलं.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी हसेल, जसं त्या दिवशी हॉलमध्ये हसले होते. पण सफारीतल्या माणसावर लोक हसत नाहीत. एक बाप मात्र उठला, मुलीचे कागद पिशवीत घातले आणि “आमी नंतर येतो” म्हणून निघून गेला. सरांवर परिणाम झाला तो एवढ्याचाच.

“आत या,” ते म्हणाले.

साध्या अक्षरातलं प्रमाणपत्र मी तिथेच छापलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला. सही करताना एकदाही मुलीकडे बघितलं नाही. मी म्हटलं, “बाकीच्यांचं काय? सगळ्यांना असंच करून द्या.”

“कोणी तक्रार केलीय?”

“करतील.”

“तेव्हा बघू. आणि मॅडम, पुढच्या तुकडीचं काम आमी दुसरीकडे देतोय.”

दुसऱ्या दिवशी ती मुलगी नवा कागद घेऊन कल्याणला गेली. जागा भरली होती. त्या ऑफिसातल्या माणसाने कागद बघितला, आधारशी जुळवला, जुळला. आणि तिला म्हणाला, “मग आधीच असं का नाही आणलंस?”

एवढंच. ‘चुकलं’ असं तो म्हणाला नाही. सर म्हणाले नाहीत. तिला ज्यांनी सगळ्यांसमोर चोर म्हटलं, त्यांच्यापैकी एकालाही आपण काही केलंय असं वाटलं नाही. मी हे लोकांना सांगते तेव्हा लोक म्हणतात, अहो, फॉन्टचा तर प्रश्न होता. मला त्या वाक्याचा संताप येतो. शहरातल्या एखाद्या डॉक्टरच्या मुलीचं नाव तसं छापलं असतं तर ऑफिसातल्या माणसाने विचारलं असतं, “मॅडम, हे नाव कसं वाचायचं?” तिला विचारलं नाही. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पुढे काही महिने ती वासिंदच्या पुढे एका गोदामात उभ्याने खोकी भरत होती. मग किन्हवलीच्या एका दवाखान्यात लागली. पट्ट्या बांधते, केसपेपर काढते. पगार हॉस्पिटलच्या मानाने कमी. ती माझ्यावर रागावलेली नाही. मी एकदा सरळ विचारलं तर म्हणाली, “ताई, तुमी आलात ना माझ्याबरोबर.” मला ते ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आधी बोलले असते तर बरोबर जायची वेळच आली नसती.

बाकीच्या मुलींची साध्या अक्षरातली प्रमाणपत्रं मी माझ्या कागदावर छापून ठेवली आहेत. मिळतील त्या नंबरांवर फोन केले. काही जणींची लग्नं झाली होती, काहींचे नंबर बंद. चौघी-पाच जणी येऊन घेऊन गेल्या आणि सही मागायला संस्थेत गेल्या. सरांनी सही केली नाही. म्हणाले, मूळ प्रमाणपत्र आहे की तुमच्याकडे.

गेल्या आठवड्यात एक मुलगी झेरॉक्सला आली. नवी तुकडी. सोनेरी किनार आता दुहेरी झालीय आणि खाली एक लाल रिबन छापलीय. नाव त्याच अक्षरात. मी कागद मशीनवर ठेवला नाही.

“हे परत घेऊन जा,” मी म्हटलं. “साध्या अक्षरात नाव मागून घे.”

“का ताई? किती भारी दिसतंय.”

“मला वाचून दाखव.”

तिने स्वतःचं नाव घडाघडा सांगितलं.

“ते तुला पाठ आहे म्हणून. मला दाखव, कुठलं अक्षर कुठे आहे.”

तिने बोट ठेवलं. पहिल्या अक्षरावर, दुसऱ्यावर, मग ते बोट काठ्यांमध्ये अडकलं. ती परत पहिल्यापासून सुरू झाली. मागे गिऱ्हाइकं उभी होती, मी त्यांना थांबायला सांगितलं.

“सर रागावतील,” ती शेवटी म्हणाली.

“रागावू दे. एकदा सांगून ऐकलं नाय तर दुसऱ्यांदा सांग. एकटी जाऊ नको, वर्गातल्या सगळ्या जा.”

तिने कागद पिशवीत घातला. जाते की नाही, मला माहीत नाही. मी तिला दुकानाचा नंबर साध्या अक्षरात लिहून दिला आणि म्हटलं, नाय दिलं तर फोन कर, मी येते.